सोडा, पॉप, कोक की सॉफ्ट ड्रिंक? इंग्रजीत कोल्ड्रिंक मागायचं कसं

एका वस्तूला एक इंग्रजी शब्द, तो पाठ केला की काम झालं, असा आपला शाळेपासूनचा समज. कोल्ड्रिंकच्या बाबतीत तो टिकत नाही. गॅस भरलेलं, गोड, बाटलीत किंवा कॅनमध्ये मिळणारं हे पेय न्यूयॉर्कमध्ये ‘सोडा’ असतं, शिकागोत ‘पॉप’ आणि अटलांटात ‘कोक’. लंडनमध्ये त्याचं ‘फिझी ड्रिंक’ होतं, ग्लासगोतली जुनी माणसं त्याला ‘जिंजर’ म्हणतात, आयर्लंडमध्ये ‘मिनरल’, ऑस्ट्रेलियात ‘सॉफ्ट ड्रिंक’ आणि दक्षिण आफ्रिकेत ‘कूल ड्रिंक’. हे सगळे लोक इंग्रजीच बोलत असतात आणि त्यांतलं कुणीही चुकीचं बोलत नसतं.

मग आपण काय म्हणायचं? थोडक्यात सांगायचं तर समोरचा कुठला आहे हे माहीत नसेल किंवा कागदावर लिहायचं असेल तर ‘सॉफ्ट ड्रिंक’. हा शब्द सगळीकडे कळतो आणि कुठेच खटकत नाही. हॉटेलात किंवा दुकानात असाल तर सरळ ब्रँडचं नाव घ्या. आणि एखाद्या गावात राहायलाच गेला असाल तर तिथले लोक जे म्हणतात ते. एवढ्यावर काम भागतं. पण ज्या शब्दापाशी आपली मराठी माणसं हमखास अडखळतात तो ‘सोडा’, आणि त्याला थोडा वेळ द्यावा लागेल.

आपल्याकडे सोडा म्हणजे गॅसचं पाणी. सोड्याच्या गाडीवर जाऊन ‘सोडा द्या’ म्हटलं की गाडीवाला विचारतो, ‘साधा, लिंबू की मसाला?’ साधा म्हणजे त्यात काहीच नाही, ना साखर ना मीठ. घरी पाहुण्यांसाठी ‘कोल्ड्रिंक आण आणि सोडा आण’ असं सांगितलं तर त्या दोन वेगळ्या बाटल्या असतात, आणि दुसरी कशासाठी हवी आहे ते आणणाऱ्यालाही बरोबर कळतं.

आता हाच माणूस न्यू जर्सीत मुलाकडे गेला आहे. जेवायला बाहेर गेल्यावर पोटाला हलकं म्हणून त्याला साधा सोडा हवा आहे. तो म्हणतो, ‘वन सोडा, प्लीज.’ वेट्रेस विचारते, ‘शुअर, व्हॉट काइंड?’ तो म्हणतो, ‘प्लेन.’ ती गोंधळते आणि यादी म्हणून दाखवते: कोक, डाएट कोक, स्प्राइट, रूट बिअर. त्याला वाटतं आपला उच्चार चुकला, म्हणून तो ‘सोडा’ आणखी जोरात म्हणतो. उच्चारात काहीच चूक नसते. तिच्या भाषेत सोडा हे सगळ्या कोल्ड्रिंकांचं मिळून एक नाव आहे. त्यामुळे ‘साधा सोडा’ हे तिच्या कानाला ‘साधी मिठाई’ इतकंच अपुरं. त्याला हवं असलेलं पाणी तिथे ‘क्लब सोडा’, ‘सेल्ट्झर’ किंवा ‘स्पार्कलिंग वॉटर’ या नावाने मिळतं.

उलटा प्रकारही होतो. अमेरिकेत वाढलेली भाची पुण्यात येते, हॉटेलात ‘सोडा आहे का?’ विचारते, आणि वेटर अगदी तत्परतेने सीलबंद सोड्याची बाटली, बर्फ आणि काचेचा ग्लास आणून ठेवतो. टेबलावरचे मामा-मामी क्षणभर एकमेकांकडे बघतात.

एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे झाले, याचा माग काढला तर आपण अठराव्या शतकात पोहोचतो. त्या काळी युरोपात नैसर्गिक झऱ्यांचं बुडबुड्यांचं पाणी औषधी मानलं जाई. जर्मनीतल्या सेल्टर्स गावचं पाणी त्यासाठी प्रसिद्ध होतं. अमेरिकेतला ‘सेल्ट्झर’ हा शब्द त्या गावावरूनच आलेला. असं पाणी माणसाला घरी बनवता येईल का, या खटपटीत बरेच जण होते. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1767 मध्ये लीड्समधल्या एका बिअरच्या भट्टीत, आंबणाऱ्या पिंपावर साचणारा वायू पाण्यात मिसळून बघितला. तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. पाण्याला छान झणका आला. 1772 मध्ये त्याने ही कृती छापून टाकली, पण त्यातून पैसा केला तो जेकब श्वेप याने. त्याने 1783 मध्ये जिनिव्हात हा धंदा सुरू केला आणि 1792 मध्ये तो लंडनला गेला. श्वेप्स हे नाव अजूनही टॉनिक वॉटरच्या बाटलीवर दिसतं.

या कृत्रिम पाण्याला झऱ्याच्या पाण्यासारखी चव आणि गुण यावेत म्हणून त्यात सोडियमचे क्षार घालत. त्या क्षारांना इंग्रजीत ‘सोडा’ म्हणत, म्हणून ते ‘सोडा वॉटर’. सोडियम या धातूचं नाव नंतरचं आहे. हम्फ्री डेव्हीने 1807 मध्ये कॉस्टिक सोड्यातून तो वेगळा काढला आणि सोड्यावरून त्याला सोडियम म्हटलं. आपल्या स्वयंपाकघरातला खायचा सोडा आणि कपड्यांचा धुण्याचा सोडा हे याच कुटुंबातले. (कोकणातल्या बाजारात जे ‘सोडे’ मिळतात ती वाळवलेली सोललेली कोळंबी. त्यांचा या भानगडीशी काही संबंध नाही, पण भातासोबत फार छान लागतात.)

म्हणजे गंमत बघा, बुडबुडे येतात ते सोड्यामुळे नव्हेच. दाब देऊन पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंबलेला असतो, झाकण उघडलं की दाब उतरतो आणि तो वायू बाहेर पडायला लागतो. जिभेला जो चटका बसतो तो पाण्यात विरघळलेल्या या वायूमुळे तयार होणाऱ्या सौम्य आम्लाचा. क्षार पाण्यातून गेले तरी नाव राहिलं.

इथून पुढे शब्दाला दोन फाटे फुटले. ब्रिटनमध्ये सोडा हा व्हिस्कीत घालायचं साधं गॅसचं पाणी याच अर्थाने राहिला. साहेबाबरोबर तो हिंदुस्थानात आला, सोबत गोटीची बाटलीही आली. ही बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची. तिचं पेटंट 1870 च्या दशकाच्या सुरुवातीचं. गॅसच्या दाबाने काचेची गोटी वर जाऊन तोंडाशी घट्ट बसते, आणि ती आत ढकलली की ‘टक्क’ असा आवाज होतो. इंग्लंडमधून ती बाटली केव्हाच गेली, आपल्या गाड्यांवर आणि जपानच्या ‘रामुने’ या पेयात मात्र टिकली. ‘रामुने’ हे ‘लेमनेड’चंच जपानी तोंडात बसलेलं रूप. मुंबई-पुण्यात पारशी कुटुंबांनी सोडावॉटरचे कारखाने काढले. मुंबईचे पालनजी, पुण्याचे अर्देशीर ही नावं इराणी हॉटेलांत बसणाऱ्या आणि पारशी लग्नात जेवलेल्या माणसांना सांगायला नकोत. तिथेही रास्पबेरीला रास्पबेरी म्हणतात, जिंजरला जिंजर, आणि सोडा म्हणजे साधा सोडा.

अमेरिकेत गाडी वेगळ्या रुळावर गेली. तिथे गॅसचं पाणी औषधाच्या दुकानात मिळू लागलं. दुकानात लांब संगमरवरी काउंटर, त्यावर नळ, त्याला म्हणायचं ‘सोडा फाउंटन’. औषधवाला ग्लासात आधी सरबताचा पाक ओते आणि वरून गॅसचं पाणी सोडे. पाकाशिवाय फारसं कुणी पीत नसे, म्हणून हळूहळू त्या अख्ख्या गोड ग्लासालाच सोडा म्हणायला लागले. कोका-कोलाचा जन्म असाच झाला. 1886 मध्ये अटलांटात जॉन पेंबर्टन या औषधविक्याने पाक बनवला आणि तो तिथल्या एका औषधाच्या दुकानातल्या फाउंटनवर 5 सेंटला ग्लास या भावाने विकला जाऊ लागला. बाटली नंतर आली. तेव्हा अमेरिकन माणूस सोडा म्हणतो तेव्हा तो फाउंटनची परंपरा पाळतो आणि आपण म्हणतो तेव्हा ब्रिटिश क्लबची. आपला अर्थ जुना आहे, त्यामुळे शरमायचं तर मुळीच कारण नाही.

आता ‘पॉप’. हा शब्द आवाजावरून आला. रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने 1812 मध्ये एका पत्रात अशा पेयाचा उल्लेख करून लिहिलं आहे की बूच काढताना पॉप असा आवाज होतो म्हणून याला पॉप म्हणतात. हा शब्द उत्तर इंग्लंड आणि वेल्समध्ये आजही ऐकू येतो, अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागात तो भक्कम रुजला आहे, आणि कॅनडात तर टोरोंटोपासून व्हँकुव्हरपर्यंत तोच नेहमीचा शब्द आहे. कॅनडातल्या मुलाकडे जाणार असाल तर ‘सोडा’ विसरून ‘पॉप’ लक्षात ठेवा.

अमेरिकेत यावर लोक जेवढ्या पोटतिडकीने भांडतात तेवढं आपण साबुदाण्याच्या खिचडीत कोथिंबीर घालावी की नाही यावर भांडत असू. बर्ट वॉक्स या भाषाशास्त्रज्ञाने हार्वर्डमध्ये असताना, या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकन बोलींची मोठी पाहणी केली. त्यात हा प्रश्न होता, आणि त्याचा नकाशा सगळ्यात जास्त गाजला. ढोबळ मानाने चित्र असं: ईशान्येकडचा किनारा, म्हणजे बोस्टन, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, इथे सोडा. कॅलिफोर्नियातही सोडा. शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, मिनेसोटा या पट्ट्यात पॉप. दक्षिणेत जॉर्जिया, अलाबामा ते टेक्ससपर्यंत कोक. नकाशात नजर खिळते ती मात्र मधल्या बेटांवर. पॉपच्या समुद्रात मिलवॉकी हे सोड्याचं बेट आहे, तसंच सेंट लुईस आणि आसपासचा परिसर. एका राज्यातसुद्धा एकमत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला बफेलोत पॉप म्हणतात आणि न्यूयॉर्क शहरात सोडा. पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्ग पॉपवालं, फिलाडेल्फिया सोडावालं. बोस्टनमधली जुनी माणसं पूर्वी याला ‘टॉनिक’ म्हणत. आज तरुण पोराला टॉनिक म्हटलं तर तो क्विनाइनची कडू चव असलेलं, जिनमध्ये घालतात ते पाणी समजेल.

न्यूयॉर्कवाल्याला पॉप हा शब्द जरा पोरकट वाटतो, शिकागोवाल्याला सोडा म्हणणारे शिष्ट वाटतात. दोघांनाही दुसऱ्याचं कळतं मात्र नीट. म्हणून तिथे राहणाऱ्या आपल्या माणसांनी हा शब्द चुकला म्हणून फार जिवाला लावून घेऊ नये. शिकागोत सोडा म्हटलं तर फार तर ‘तुम्ही इथले नाही’ एवढंच कळेल, आणि ते त्यांना आधीच कळलेलं असतं.

दक्षिणेतला ‘कोक’ मात्र नवख्याला खरंच चक्रावून टाकतो. तिथला हा संवाद ठरलेला आहे. ‘कॅन आय गेट अ कोक?’ ‘शुअर, व्हॉट काइंड?’ ‘स्प्राइट.’ आपल्याला यात वेडेपणा दिसतो, पण दुकानात जाऊन ‘एक बिसलेरी द्या’ म्हणणारे आणि दुसऱ्याच कंपनीची पाण्याची बाटली घेऊन समाधानाने बाहेर पडणारे आपणच की. कोकचं नेमकं तसंच झालं. अटलांटा हे कंपनीचं माहेर, आसपास त्याच पेयाचा सुळसुळाट, त्यामुळे एका ब्रँडचं नाव सगळ्या जातीला लागलं.

कंपनीला हे सुरुवातीला अजिबात रुचलं नव्हतं. लोकांनी पूर्ण नाव घ्यावं अशी तिची धडपड होती, आणि दुसरीकडे ‘कोक’सारखी नावं लावून माल विकणारेही होते. त्यांतल्या, K अक्षराने ‘कोक’ (Koke) लिहिणाऱ्या ‘कोक कंपनी ऑफ अमेरिका’शी झालेला दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1920 मध्ये निकाल कोका-कोलाच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा आशय असा, की हे नाव ऐकल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर एकच, एकाच ठिकाणाहून येणारी वस्तू उभी राहते. पुढे लोक ऐकत नाहीत म्हटल्यावर कंपनीनेच 1940 च्या दशकात ‘कोक’ हे लाडकं नाव जाहिरातीत घेतलं आणि 1945 मध्ये त्याची नोंदणी केली.

लिहिताना यातून एक नियम निघतो. इंग्रजीत ब्रँड या अर्थाने कोक लिहायचं असेल तर पहिलं अक्षर मोठं. दक्षिणेतल्या बोलीतला सगळ्या कोल्ड्रिंकांसाठीचा कोक लिहायचा असेल तर छोटं. सोडा आणि पॉप नेहमीच छोटे. ऑफिसच्या ईमेलमध्ये मात्र तो छोट्या अक्षराचा कोक वापरू नका. टेक्ससच्या टीमला कळेल, बेंगळुरूच्या टीमला वाटेल फक्त कोका-कोलाच मागवलं आहे.

आपल्याकडे ब्रँडचं नाव असं सगळ्या जातीला का लागलं नाही? माझ्या मते त्याला इतिहास आहे. कोका-कोला 1977 मध्ये भारतातून गेलं ते 1993 मध्येच परतलं. मधल्या काळात इथे थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सरकारी ‘डबल सेव्हन’ अशी निरनिराळी नावं नांदत होती, कुणा एकाचं राज्य नव्हतं. म्हणून सगळ्यांना मिळून ‘कोल्ड्रिंक’ किंवा ‘थंडा’ हेच राहिलं. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला आमिर खानच्या तोंडी आलेली ‘थंडा मतलब कोका-कोला’ ही जाहिरात आठवून बघा. अमेरिकेच्या दक्षिणेत ब्रँडचं नाव पेयांच्या अख्ख्या जातीला लागलं होतं. इथे कंपनी अख्ख्या जातीचं नाव आपल्या ब्रँडला लावून घेऊ बघत होती. जाहिरात तुफान चालली, पण गावच्या टपरीवर थंडा मागितला तर आजही ‘कुठला?’ असं विचारतातच.

हे ‘कोल्ड्रिंक’ इंग्रजी म्हणून चालतं का? भारतात बेलाशक चालतं. ‘कोल्ड ड्रिंक’ हा भारतीय इंग्रजीतला रुळलेला शब्द आहे आणि मुंबईच्या हॉटेलच्या मेनूकार्डावर तो छापलेला असतो. दक्षिण भारतात ‘कूल ड्रिंक’ म्हणतात, आणि दक्षिण आफ्रिकेतही नेमकं तेच. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला ‘कोल्ड ड्रिंक’ याच अर्थाने बोलतात, बाकी ठिकाणी मात्र त्याचा अर्थ शब्दशः ‘थंड पेय’ होतो: आइस्ड टी, थंड कॉफी, ज्यूस, काहीही. तुम्ही ‘समथिंग लाइक अ कोल्ड ड्रिंक’ म्हणालात तर समोरचा पाणी आणून देईल आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

आणि एक बारीक गोष्ट. मराठीत आपण सर्रास ‘एक कोल्ड्रिंक्स दे’ म्हणतो. मराठीत ते ठीक आहे, शब्द आपला झाला आहे. इंग्रजीत बोलताना मात्र एक असेल तर शेवटचा ‘स’ काढा.

मोजण्याचं व्याकरण एरवी सोपं आहे. सोडा, पॉप हे पेय म्हणून बोलत असाल तर ते पाण्यासारखे न मोजता येणारे: ‘आय डोन्ट ड्रिंक सोडा’, ‘देअर इज सम पॉप इन द फ्रिज’. एक ग्लास किंवा एक कॅन या अर्थाने मागत असाल तर मोजता येतात: ‘अ सोडा’, ‘टू कोक्स’. पॉपच्या बाबतीत ‘अ कॅन ऑफ पॉप’ म्हटलं की सगळ्यात नीट. आपल्याकडे पाहुण्याला ‘विल यू टेक कोल्ड ड्रिंक?’ विचारतात, कारण मराठीत आपण ‘काय घेणार?’ म्हणतो. बाहेर ‘वुड यू लाइक समथिंग टू ड्रिंक?’ हे सहज वाटतं, आणि त्यात सोडा-पॉपचा वादही टळतो.

अमेरिकेतल्या हॉटेलात आणखी एक वाक्य हमखास कानावर पडतं. तुम्ही कोक मागता आणि उत्तर येतं, ‘इज पेप्सी ओके?’ अनेक हॉटेलांचा एकाच कंपनीशी करार असतो, त्यामुळे कोक असेल तिथे पेप्सी नसते आणि पेप्सी असेल तिथे कोक नसतो. तुम्ही मागितलं ते आमच्याकडे नाही, दुसरं दिलं तर चालेल का, एवढाच त्याचा अर्थ. ‘दॅट्स फाइन’ म्हणा आणि विषय संपवा. बर्फ भरपूर घालतात, नको असेल तर ‘नो आइस’ आधीच सांगायचं. फाउंटनवरचं पेय असेल तर बऱ्याच ठिकाणी पुन्हा भरून देतात, त्याला ‘रीफिल’ म्हणतात. कॅन किंवा बाटली मागितली तर ही सोय नाही.

ब्रिटनमध्ये ‘सोडा’ शब्द आपल्याच अर्थाने चालतो, त्यामुळे मराठी माणूस तिथे पटकन रुळतो. ‘लाइम अँड सोडा’ मागितलं की लंडनच्या पबमध्ये गॅसच्या पाण्यात लिंबाचा गोड अर्क घालून देतात. आपल्या फ्रेश लाइम सोड्याची ही लांबची बहीण. स्कॉटलंडमध्ये मात्र ‘ज्यूस’ शब्दाला जपा. तिथे अनेकांच्या बोलण्यात ज्यूस म्हणजे फिझी पेयसुद्धा, आणि ग्लासगोची ‘बॉटल ऑफ जिंजर’ आल्याचीच असेल असं नाही. ती केशरी रंगाची आयर्न-ब्रू असू शकते.

कागदोपत्री भाषा आणखी निराळी. भारतातल्या जीएसटीच्या यादीत कोल्ड्रिंक शोधाल तर सापडणार नाही, तिथे ‘एरेटेड वॉटर्स’ असतं, म्हणजे हवा भरलेलं पाणी. साखर किंवा चव घातलेल्या अशा पेयांवर आधी 28 टक्के कर आणि वर 12 टक्के उपकर होता, सप्टेंबर 2025 पासून सरळ 40 टक्के कर आहे. अमेरिकेत बर्कली शहरात 2014 मध्ये मतदारांनी मंजूर केलेला आणि फिलाडेल्फियात 2017 पासून लागू झालेला कर वर्तमानपत्रांत ‘सोडा टॅक्स’ म्हणून गाजला, कायद्यात मात्र ‘शुगर-स्वीटन्ड बेव्हरेज’ यासारखे शब्द. ब्रिटनमध्ये तसाच कर 2018 मध्ये आला, त्याचं अधिकृत नाव ‘सॉफ्ट ड्रिंक्स इंडस्ट्री लेव्ही’ आणि बोलीतलं ‘शुगर टॅक्स’. शोधनिबंध किंवा अहवाल लिहिणाऱ्याने ‘कार्बोनेटेड’ आणि ‘शुगर-स्वीटन्ड’ यांत घोटाळा करू नये. पहिल्यात गॅस महत्त्वाचा, दुसऱ्यात साखर. साधा सोडा पहिल्यात बसतो, दुसऱ्यात नाही. फ्रूटीसारखं आंब्याचं गोड पेय दुसऱ्यात बसतं, पहिल्यात नाही.

काही नावं अशी आहेत की त्यांवर विश्वास ठेवून फसायला होतं. अमेरिकेत ‘लेमनेड’ म्हणजे लिंबू, साखर, पाणी, आपलं घरचं सरबत. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात लेमनेड म्हटलं की स्प्राइटसारखं पारदर्शक गॅसचं पेय येतं. रूट बिअरमध्ये आणि साध्या जिंजर एलमध्ये दारू नसते, नावात बिअर आणि एल असलं तरी. ‘सायडर’चं उलट: अमेरिकेत बहुतेक वेळा तो सफरचंदाचा न गाळलेला रस असतो, ब्रिटनमध्ये तो आंबवलेला आणि चढणारा असतो. ‘सॉफ्ट ड्रिंक’मधला ‘सॉफ्ट’ हा याच अर्थाचा, दारू नसलेलं. दारू असलेलं ते ‘हार्ड’. अलीकडे अमेरिकन दुकानांत ‘हार्ड सेल्ट्झर’ आणि ‘हार्ड सोडा’ मिळतात, कॅनवर फळांची सुंदर चित्रं असतात, फ्रिजमध्ये ती साध्या सेल्ट्झरच्या शेजारी ठेवलेली असली तर फरक लक्षातही येत नाही. साध्या सेल्ट्झरमध्ये गॅस आणि पाणीच असतं, या कॅनमध्ये साधारण बिअरइतकी, म्हणजे 5 टक्क्यांच्या आसपास दारू असते. आजी-आजोबा सोबत असतील किंवा उपास असेल, तर कॅन उचलण्याआधी ‘हार्ड’ हा शब्द कुठे बारीक अक्षरात लिहिला आहे का ते बघा. अमेरिकेत दारू असलेल्या कॅनवर सरकारी इशारा छापणं सक्तीचं आहे, तो मागच्या बाजूला सापडतो.